रॅम्प आहे, ब्रेल पाटी आहे, तरी माणूस दाराबाहेरच: नेमकं कुठे चुकतं?

ओळंबा (धागाकर्ता)

वाचनालय, सभागृह, दवाखाना, कार्यालय, कुठलीही जागा 'सर्वांसाठी खुली' म्हणायच्या आधी एक साधी कसोटी लावावी. व्हीलचेअरवरची, पांढरी काठी घेतलेली किंवा ऐकू न येणारी व्यक्ती फाटकापासून खुर्चीपर्यंत, आणि पुढे संडासापर्यंत, कुणाला हाक न मारता जाऊ शकते का? 'आमच्याकडे मदतीला माणूस असतो' हे उत्तर बाद. तो जेवायला गेला की प्रवेश बंद, असा त्याचा अर्थ.

या धाग्यावर मापं, कृती आणि नेहमीच्या चुका गोळा करू. नियमांतले आकडे देशोदेशी थोडे पुढेमागे होतात, तेव्हा काम काढण्याआधी आपल्याकडची नियमावली बघावीच. रॅम्पपासून सुरुवात करतो, कारण सगळ्यात जास्त सिमेंट तिथेच वाया जातं.

१:१२ हे प्रमाण (एक भाग चढाला बारा भाग लांबी) सगळ्यांना पाठ असतं, गुणाकार मात्र कुणी करत नाही. जोतं ४५० मिमी उंच असेल तर उताराची लांबी ५.४ मीटर. वर आणि खाली प्रत्येकी दीड मीटर सपाट जागा. झाले ८.४ मीटर. एवढी जागा दारासमोर नसते, म्हणून मिस्त्री आहे त्या पायऱ्यांवरच उतार ओततो. १५० मिमीच्या तीन पायऱ्या, तुडवा ३०० मिमीचा, म्हणजे ९०० मिमी लांबीत ४५० मिमी चढ. हे १:२ झालं, घसरगुंडीच. चढताना खुर्ची मागे कलंडते, उतरताना चाकं हातात राहत नाहीत. लांबी दुप्पट केली तरी १:४.

जागा कमी असेल तर उतार काटकोनात वळवा किंवा दुमडून परत आणा, पण वळणावर दीड बाय दीड मीटर पूर्ण सपाट. वळणातच उतार ठेवला की एक चाक अधांतरी राहतं. एका दमात ७५० मिमीपेक्षा जास्त चढ नको, मध्ये सपाट टप्पा हवा. रुंदी १२०० मिमी. दोन्ही बाजूंना कठडा, दोन उंचींवर, साधारण ७०० आणि ९०० मिमी, आणि उतार संपल्यावरही ३०० मिमी पुढे गेलेला. कडेला ७५ ते १०० मिमीचा उंचवटा, म्हणजे पुढचं छोटं चाक किंवा कुबडीचं टोक घसरून खाली जाणार नाही. पृष्ठभाग झाडू फिरवून खरबरीत केलेल्या काँक्रीटचा चालेल. चकचकीत ग्रॅनाइट पहिल्या पावसात कुणालातरी पाडणार.

बिजागरी

रॅम्पच्या डोक्यावरची चूक राहिली. दार बाहेर उघडत असेल तर ती दीड मीटर सपाट जागा दाराच्या फेऱ्याच्या *पलीकडे* मोजायची. नाहीतर माणूस वर पोचतो, दार ओढतो आणि दारच त्याला मागे उतारावर ढकलतं.

दाराची रुंदी तर नव्वद टक्के वेळा चुकीची मोजलेली असते (टक्केवारी माझ्या वैतागाची आहे, सर्वेक्षणाची नाही). चौकट ९०० मिमीची म्हणजे वाट ९०० मिमीची नव्हे. दार ९० अंशात उघडून धरा आणि पाखाच्या आतल्या बाजूपासून समोरच्या चौकटीच्या खाचेपर्यंत टेप लावा. पाखाची जाडी, खाच आणि बिजागरीमागची फट वजा जाऊन हातात ८२०-८४० राहतात. बऱ्याच खुर्च्या ६५० ते ७०० मिमी रुंद असतात, शिवाय चाकं फिरवणाऱ्या हातांची कोपरं धरा. सुताराला 'मोकळी वाट ९००' असं लिहून द्या, तो मग १००० ची चौकट करेल.

उंबरठा १२ मिमीच्या वर नको आणि तोही कडा उतरत्या करून. पुढचं छोटं चाक २० मिमीला अडतं आणि माणूस पुढे फेकला जातो. गोल मुठीऐवजी खाली दाबायची दांडी. दार आपल्याकडे ओढायचं असेल तर कडीच्या बाजूला ४५० मिमी मोकळी भिंत ठेवा, कारण खुर्ची बाजूला घेतल्याशिवाय दार ओढता येत नाही. नेमकी तिथेच कुंडी किंवा चपलांचा रॅक असतो. आणि ते सैल पायपुसणं उचला बरं, चाकाखाली त्याची वळकटी होते.

सव्वाशेर

एवढं तोडफोडीचं काम प्रत्येकाला जमणार आहे का? ॲल्युमिनियमचा घडीचा रॅम्प घेतला की काम भागतं. आणि खरं बोलायचं तर असे लोक येतात तरी किती?

ओळंबा

सव्वाशेर, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज १.३ अब्ज माणसांचा आहे, जवळपास दर सहा जणांत एक. तुमच्या दारात ते दिसत नसतील तर दाराकडे बघा. येत नाहीत म्हणून रॅम्प नाही आणि रॅम्प नाही म्हणून येत नाहीत, हे चक्र येणाऱ्यांनी नाही तोडायचं.

घडीचा रॅम्प एका पायरीला ठीक. १५० मिमीला १.८ मीटर लांबीचा लागतो. दुकानदार ९० सेमीचा देतो, कारण तो उचलायला सोपा. तीन पायऱ्यांना ५.४ मीटरचा घडीचा रॅम्प म्हणजे तो पसरायलाच दोन माणसं हवीत. शिवाय तो कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली कुणाकडे? परत हाक मारणं आलं. जागा खरंच नसेल तर उभा उचलणारा छोटा प्लॅटफॉर्म बसवा, पण त्याच्या देखभालीचा करार त्याच दिवशी करा. बंद पडलेला प्लॅटफॉर्म पायरीपेक्षा वाईट, कारण त्याच्या भरवशावर माणूस घरून निघालेला असतो.

नळपट्टी

संडासावर येऊ. सुगम संडास म्हणजे मोठा संडास आणि दोन दांड्या, असा समज आहे. खरा प्रश्न एकच: खुर्चीतून कमोडवर माणूस सरकणार कसा? बहुतेकदा बाजूने. म्हणून कमोडच्या एका बाजूला ९०० मिमी मोकळी जागा लागते आणि नेमकी तीच जागा बादल्या, झाडू, फिनेल यांनी भरलेली असते. मोकळ्या जागेत खुर्ची वळवायला १५०० मिमीचं वर्तुळ बसलं पाहिजे. आराखड्यावर ते बसतं, मग प्लंबर बेसिन मधोमध लावतो.

बसायची उंची ४५० ते ४८० मिमी, खुर्चीच्या आसनाएवढी. साध्या कमोडखाली वीट रचून उंची वाढवली तर विटेची कड पायटेकणीला लागते. उंच कमोडच घ्या. दांडीचा व्यास ३२ ते ४० मिमी, भिंतीपासून अंतर ४० मिमीच्या आसपास. अंतर जास्त ठेवलं तर घसरलेला हात कोपरापर्यंत आत अडकतो, कमी ठेवलं तर बोटं बसत नाहीत. मोकळ्या बाजूची दांडी वर उचलता येणारी हवी, नाहीतर सरकायच्या वाटेत तीच आडवी.

आता दांडी उपटून का येते ते. पोकळ ब्लॉकच्या किंवा १०० मिमीच्या आडभिंतीत प्लॅस्टिकच्या गुट्ट्या मारून स्क्रू पिळतात. दांडीवर पूर्ण अंगाचा भार येतो, तोही झटक्याने आणि बाहेरच्या दिशेने. १०० ते १२० किलोचा ओढ सहन व्हायला हवा. त्यासाठी भिंत बांधतानाच त्या उंचीला भरीव काँक्रीटचा पट्टा घ्या. जुन्या भिंतीत आरपार बोल्ट आणि मागे पोलादी पट्टी. काम झाल्यावर स्वतः दांडीला लटकून बघा, मिस्त्रीला लाज वाटली तरी चालेल.

दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं. आतला माणूस पडला तर आत उघडणारं दार त्याच्याच अंगाला अडतं. कडी बाहेरून नाण्याने फिरवता येणारी. मदतीच्या घंटीची दोरी जमिनीपासून १०० मिमीपर्यंत लोंबती हवी, कारण ती पडलेल्या माणसासाठी आहे. सफाईवाले ती गुंडाळून वर बांधतात. रोज बघायची गोष्ट आहे ही.

सहाटिंबी

फरशीवरच्या खुणांबद्दल. या स्पर्शफरशा जपानच्या सेइची मियाके यांनी १९६५ मध्ये तयार केल्या, १९६७ मध्ये ओकायामात पहिल्यांदा रस्त्यावर बसल्या. भाषा दोनच शब्दांची आहे: लांब पट्ट्या म्हणजे 'चालत राहा', टिंब म्हणजे 'थांब, पुढे काहीतरी आहे'. कंत्राटदार टिंबाच्या फरश्या स्वस्त मिळाल्या म्हणून पूर्ण व्हरांडाभर बसवतो. वाचणाऱ्याला ते 'थांब थांब थांब थांब' असं वाचावं लागतं. पायरीच्या काठाला चिकटवून टिंब लावणंही चूक, इशारा काठाच्या ३०० मिमी आधी मिळाला पाहिजे. रंग जमिनीपेक्षा ठळक वेगळा ठेवा. अंधांतल्या पुष्कळ जणांना थोडंफार दिसतं आणि ते काठीइतकंच रंगावर चालतात. करड्या फरशीवर करडी पट्टी लावणाऱ्या वास्तुरचनाकाराला 'दिसायला छान' हवं असतं, पण दिसणं हाच तर मुद्दा.

ब्रेल पाटीच्या चुका तर संग्रहालयात ठेवण्यासारख्या. शाईने छापलेली सपाट ब्रेल. काचेमागची ब्रेल. रंगाच्या तीन हातांखाली बुजलेली ब्रेल. उलटी लावलेली ब्रेल. टिंबाची उंची अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास आणि दोन टिंबांत अडीच मिमी अंतर असतं. 'मोठं करून ठळक' केलं की बोटाच्या पेराखाली अक्षर मावत नाही, वाचताच येत नाही. पाटी दाराच्या पाखावर नको, कडीच्या बाजूच्या भिंतीवर, १२०० ते १५०० मिमी उंचीत. पाखावर लावली तर वाचताना कुणीतरी दार उघडून नाक फोडतं.

मराठी मजकुराची खास चूक: भारती ब्रेलमध्ये जोडाक्षरात हलंताचं टिंब (क्रमांक ४) अक्षराच्या *आधी* येतं. 'क्या' लिहिताना आधी हलंत, मग क, मग य, मग आ. युनिकोडमध्ये (संगणकात अक्षरं साठवायचा सर्वमान्य संकेत) क्रम क, हलंत, य असा असतो. अक्षराला अक्षर बदलणारं साधं साधन वापरलं तर प्रत्येक जोडाक्षर बिघडतं. क्ष आणि ज्ञ यांना स्वतंत्र खुणा आहेत, ते फोडून लिहू नयेत. पाटी ओतायच्या आधी ब्रेल वाचणाऱ्या दोघांकडून कागदावर तपासून घ्या. धातूवर शुद्धिपत्र निघत नाही.

कानामात्रा

भिंती झाल्या, आता फाइली. मराठीत अंध वाचकाला सर्वात जास्त छळणारी गोष्ट म्हणजे जुने फाँट. कृतिदेवमध्ये 'मराठी' टंकलं की पडद्यावर मराठी दिसतं, पण फाइलमध्ये साठतात इंग्रजी अक्षरं. स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारं सॉफ्टवेअर, दिसणारा आकार वाचत नाही, साठवलेला संकेत वाचतो. म्हणून त्याला 'मराठी'च्या जागी ऐकू येतं 'ई जे के बी एच'. असा चाळीस पानी अहवाल ऐकून बघा.

उपाय युनिकोडच. जुनी फाइल परिवर्तकातून काढताना चार ठिकाणी डोळ्यात तेल घाला: 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर' यांतला अर्धा र, रफार, ॲ-ऑ, आणि ऱ्हस्व वेलांटीची जागा. हे न तपासता चढवलेली फाइल 'युनिकोड आहे' म्हणून मिरवते आणि वाचताना दर ओळीला ठेच लागते.

पीडीएफ तपासायला अर्धा मिनिट लागतं. फाइल उघडा आणि शोधचौकटीत 'विद्यार्थी' टाका. या एका शब्दात ऱ्हस्व वेलांटी, जोडाक्षर आणि रफार तिन्ही आहेत. पानावर शब्द डोळ्यांना दिसतोय पण शोधात सापडत नाही, तर एकतर जुना फाँट आहे, किंवा स्कॅन केलेलं चित्र आहे, किंवा फाँटाचा आतला तक्ता बिघडलाय. तिन्ही वेळा स्क्रीन रीडर आंधळा. पीडीएफसोबत मूळ वर्ड फाइल किंवा वेबपान द्या. शीर्षकं नुसती ठळक करू नका, शीर्षकाची शैली लावा. ऐकणारा शीर्षकावरून शीर्षकावर उड्या मारतो, तसा आपण नजरेने मारतो. व्हॉट्सॲपवर सूचनेचं चित्र पाठवलंत तर खाली तोच मजकूर चिकटवा.

तपासणीसाठी एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर फुकट आहे. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन आणि जेम्स तेह या दोन अंध प्रोग्रामरांनी ते उभं केलं, काम २००६ मध्ये सुरू झालं. त्याच्यासोबतच्या ईस्पीक एनजी या बोलणाऱ्या यंत्रणेत मराठी आवाज आहे. वेबपानाच्या कोडात भाषा 'एमआर' (mr, म्हणजे मराठी) नोंदवायला विसरू नका. तिथे इंग्रजी राहिलं तर इंग्रजी आवाज मराठी मजकुरावर गप्प बसतो किंवा भलतंच बोलतो.

सव्वाशेर

वेबसाइटला एक बटण लावायचं मिळतं ना, दाबलं की सगळं सुगम?

कानामात्रा

मिळतं, आणि विकणारे जोरात विकतात. ते बटण अक्षर मोठं करतं, रंग उलटे करतं. हे ज्याला हवं त्याच्या फोनात आधीपासून असतं. पण फोटोत काय आहे, कुठल्या चौकटीत नाव लिहायचं आणि कुठल्या चौकटीत गाव, हे त्या बटणाला काय माहीत? फॉर्मच्या चौकटीतलं फिकट 'येथे नाव लिहा' टंकायला लागल्याबरोबर पुसलं जातं. चौकटीबाहेर खरं लेबल हवं. माउस बाजूला ठेवा आणि नुसती टॅब कळ दाबत फॉर्म शेवटपर्यंत भरून बघा. जिथे अडकाल तिथे दुरुस्ती.

रंगाचं म्हणाल तर डब्ल्यूसीएजी या वेब-सुगमतेच्या निकषांत साध्या मजकुराला पार्श्वभूमीशी ४.५:१ तफावत लागते. पांढऱ्यावर ७७७७७७ या रंगसंकेताचा करडा ४.४८ ला नापास होतो, ७६७६७६ पास. फरक नजरेला कळत नाही, म्हणून अंदाजाने ठरवू नका, तफावत मोजणारं साधन वापरा.

हातखुणा

सभा-संमेलनांबद्दल. 'माझा आवाज खणखणीत आहे, माईक नको' हे वाक्य मंचावरून आलं की श्रवणयंत्र लावलेला श्रोता संपला. सभागृहात इंडक्शन लूप (माईकचा आवाज श्रवणयंत्रापर्यंत पोचवणारी तारेची वेटोळी) असेल तर श्रवणयंत्र त्याच्या 'टी' स्थितीवर टाकून त्याला थेट माईकचा आवाज मिळतो, खोलीतला गोंगाट वजा होऊन. माईकशिवाय बोललेलं लूपमध्ये जातच नाही. श्रोत्याचा प्रश्नसुद्धा माईकवर घ्या, नाहीतर वक्त्याने तो पुन्हा म्हणावा. लूपची तार टाकताना लक्षात ठेवा, स्लॅबमधल्या सळया तो क्षीण करतात. खुर्च्यांमध्ये फिरून, जागोजाग मोजूनच पास करा. आणि तो आहे अशी पाटी लावा, अदृश्य सोय कोण वापरणार?

लूप सांकेतिक भाषा वापरणाऱ्या बधिर व्यक्तीच्या कामाचा नाही. तिथे दुभाषी हवा. तासाभराच्या वर कार्यक्रम असेल तर दोघे, साधारण वीस मिनिटांनी आलटून पालटून. थकलेला दुभाषी आधी बारकावे गाळतो, मग वाक्यं. भाषणाचा मसुदा, विशेषनामं, परिभाषा दोन दिवस आधी द्या. त्याला वक्त्याशेजारी उभं करा, मागे खिडकी नको, नाहीतर हात काळी सावली होतात. स्लाइड दाखवायला दिवे घालवता तेव्हा दुभाष्यावरचा एक चालू ठेवा. बोलताना बधिर व्यक्तीकडे बघा, 'त्यांना विचारा की' असं दुभाष्याला सांगू नका.

'मथळे (बोललेलं पडद्यावर अक्षरांत दाखवणं) लावलेत, मग दुभाषी कशाला?' असंही विचारतात. सांकेतिक भाषेला स्वतःचं व्याकरण आहे, ती हातांनी केलेली मराठी नव्हे. जिची पहिली भाषा खुणांची, तिला लिखित मराठी दुसरी भाषा असू शकते. उलट वयोमानाने बहिरेपण आलेल्याला खुणा येत नाहीत, त्याला मथळेच हवेत. आपोआप निघणारे मथळे माणसाने तपासल्याशिवाय चढवू नका. 'नाही' हा शब्द गळाला की अर्थ उलटा होतो.

शब्दशः

एक शंका: दिव्यांग म्हणायचं, अपंग म्हणायचं, की विकलांग?

ओळंबा

समोरच्याला विचारायचं. यापुढे शब्दावर वेगळा धागा काढा, नाहीतर उद्या सकाळी इथे दोनशे प्रतिसाद आणि रॅम्प तिथेच.

सोपंवाचन

बौद्धिक अपंगत्व या चर्चांत नेहमी शेवटच्या बाकावर असतं. सोपं वाचन म्हणजे लहान मुलांचं लिखाण नव्हे. वाक्यात एकच मुद्दा, कर्ता उघड, 'तथापि' आणि 'सदर' हद्दपार, आकडे अंकात, मोठा टंक, शेजारी त्याच मुद्द्याचं चित्र. 'सदर अर्ज विहित मुदतीत सादर न केल्यास तो विचारात घेतला जाणार नाही' याचं होतं: 'अर्ज १० तारखेपर्यंत द्या. नंतर दिलेला अर्ज आम्ही घेणार नाही.' मसुदा ज्यांच्यासाठी आहे त्यांना वाचायला द्या आणि 'कळलं का?' विचारू नका, त्याला सगळे हो म्हणतात. 'मग आता तुम्ही काय कराल?' असं विचारा.

स्वमग्न व्यक्तींसाठी कार्यक्रमाचा क्रम वेळेसह आधी पाठवा, एक शांत खोली ठेवा, आणि फडफडणारी ट्यूबलाइट बदला.

कलमदान

वर सगळी आधीपासून करून ठेवायची व्यवस्था आली. तिच्या जोडीला दुसरी गोष्ट आहे, ती म्हणजे एका व्यक्तीच्या गरजेनुसार केलेली वाजवी तजवीज. संयुक्त राष्ट्रांचा अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करार (१३ डिसेंबर २००६ रोजी स्वीकारला, ३ मे २००८ पासून लागू) या दोन्ही वेगळ्या मांडतो. अशी तजवीज नाकारणं हा त्यात भेदभावच धरला आहे. रॅम्प कुणी मागायची वाट बघत नाही. परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, मुलाखतीची वेगळी वेळ हे मागितल्यावर द्यायचं. एक असलं म्हणून दुसरं टाळता येत नाही.

नोंदणी अर्जात 'अपंगत्व आहे का? हो/नाही, प्रकार, टक्के' असं विचारतात. त्यातून आयोजकाला काहीच कळत नाही. ४० टक्के म्हणजे खुर्ची कुठे ठेवायची? त्याऐवजी विचारा: 'कार्यक्रमात नीट सहभागी होण्यासाठी कुठली व्यवस्था हवी?' खाली पर्याय द्या: दुभाषी, मथळे, मोठ्या अक्षरातले कागद, युनिकोड फाइल आधी, व्हीलचेअरची जागा, सोबतीची जागा, शांत खोली, इतर. कळवायची शेवटची तारीख आणि उत्तर देणाऱ्या माणसाचा संपर्क लिहा. पुढच्या रांगेतल्या खुर्चीसाठी प्रमाणपत्र मागू नका.

बिजागरी

व्हीलचेअरची जागा सगळ्यात मागे कोपऱ्यात एकच ठेवतात, सोबत आलेला दुसरीकडे. खुर्चीला साधारण ९०० बाय १३०० मिमी, रांगेच्या टोकाला, वेगवेगळ्या ठिकाणी, शेजारी एक साधी खुर्ची. आणि मंचावरही रॅम्प हवा. अपंग व्यक्ती श्रोता म्हणूनच येणार, असं गृहीत धरलं की तो राहून जातो.

नळपट्टी

लिफ्टचं पटकन: आत ११०० रुंद, १४०० खोल. बटणं ९०० ते १२०० मिमी उंचीत, उठावाची. सपाट टचवाली अंध माणसाला निरुपयोगी, चाचपतानाच चार मजले दाबले जातात. मागच्या भिंतीवर आरसा हवा, तो केस विंचरायला नाही: खुर्ची आत वळत नाही, उलटं बाहेर पडताना मागचं त्यातच दिसतं. आगीची सूचना भोंग्यासोबत लुकलुकत्या दिव्यानेही द्या, संडासातसुद्धा.

सव्वाशेर

बरं, मानलं. पैसे थोडे असतील तर आधी काय करायचं?

ओळंबा

फुकटातलं आधी: संडासातल्या बादल्या, पायपुसणं, दाराजवळची कुंडी, गुंडाळलेली दोरी, अर्जातला प्रश्न, माईक, युनिकोड. मग एक पूर्ण वाट निवडा: एक फाटक, एक दार, एक संडास, एक सभागृह, आणि ती सलग करा. चार दारांना अर्धे अर्धे रॅम्प नकोत. आराखडा कागदावर असतानाच व्हीलचेअर वापरणाऱ्या, अंध आणि बधिर अशा किमान तिघांना बोलवा, त्यांच्या वेळेचं मानधन द्या. कर्मचाऱ्यांनी डोळ्याला पट्टी बांधून फेरी मारणं पुरेसं नाही. पाच मिनिटांच्या अंधाराने माणूस घाबरतो फक्त, काठीने चालायला शिकत नाही. फेरी फाटकाबाहेरून सुरू करा, टेप आणि वही घेऊन. आणि सुगम संडासाला कुलूप असेल तर पहिली नोंद तीच: किल्ली कुणाकडे?